चष्मा न काढता मंगळ

दुर्बीण घरी आली त्या दिवशी चुलत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. "आक्के, किती पावरची हाय गं?"

आमच्याकडं कशाचंही माप असंच विचारतात. ट्रॅक्टर आला की किती एचपीचा, विहिरीवर मोटर बसली की किती एचपीची. जास्त आकडा म्हणजे जास्त मान. मीही त्याच गावची. सोबत आलेल्या डबीवर छापलं होतं तसं छाती पुढं काढून सांगून टाकलं, "सहाशे पट!"

"आगं बया," चुलते म्हणाले, "मग मंगळावरची माणसं भाकरी खात्यात का चपाती, तेवढं सांग."

त्या सहाशेनं माझं नाक कापलं. ते कसं कापलं आणि मी ते परत कसं जोडलं, हे सांगायचं आहे.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. भिंगं पुसणं, मांडणं, मुलांनी फोडली की हिशेब देणं हे माझं काम. पलूसजवळच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्यातल्या बायकांत माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, कुणाला टोचलं तर टोचू दे.

माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. बी.एस्सी. झाल्यावर रहिमतपूरचं स्थळ आलं होतं. माणसं बरी होती. पण मंगळ निघाला आणि त्यांच्याकडून निरोप आला: मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावा. माती​च्या मडक्याला हार घालायचा, अक्षता टाकायच्या, मग ते मडकं फोडायचं. म्हणजे मंगळाला जो नवरा खायचा असतो तो त्यानं खाल्ला, आता दुसरा सुखरूप. मी नाही म्हणाले. आई रडली, पाया पडते म्हणाली. मी नाहीच म्हणाले. स्थळ मोडलं. नंतरची स्थळं मीच येऊ दिली नाहीत. माझं आयुष्य त्यावाचून अडलं नाही. सांगलीत माझी स्वतःची खोली आहे, नोकरी आहे आणि आता दुर्बीण आहे.

पण आईचं अडलं होतं. त्या वर्षापासून तिनं मंगळवार धरले. तिच्या भीतीला कारणही होतं, ते मी नाकारत नाही. तिच्या थोरल्या बहिणीला मंगळ होता, तो लपवून लग्न लावलं आणि तीन महिन्यांत तिचा नवरा गेला. संध्याकाळी मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. आई ही गोष्ट प्रत्येक वेळी याच शब्दांत सांगते, दिवा नव्हता हेही सांगते आणि शेवटी म्हणते, "मंगळानं खाल्ला गं त्याला."

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाचीचं, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीचं, लोणंदला ठरलं. पोरगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मुलगा तिनंच पसंत केलेला, दोन्ही घरं राजी. पत्रिका बघितली तर माझाच मंगळ तिच्याही घरात येऊन बसलेला! मुलाच्या वडिलांचा निरोप तसा गोडीतच होता. "आमचं काय म्हणणं न्हाई, तुमचं तुमी मडक्याचं उरकून घ्या म्हंजी झालं." आणि आमच्या घरात अशा बाबतीत शब्द चालतो तो आईचा. आई म्हणाली, होळीच्या आधी उरकायचं.

भाची सांगलीला माझ्या खोलीवर आली. चहा घेतला नाही, चप्पलही काढली नाही.

"आत्या, मी मडक्याला हार घालणार नाही."

"आजीला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हणाली पाच मिनटाचं काम हाय. आत्या, मडकं फोडल्यावर मी त्याची विधवा का? मग नोकरीच्या अर्जात पहिल्या नवऱ्याचं नाव काय लिहू?"

पोरगी माझ्यावर गेली आहे.

मी शनिवारी गावाला गेले. आई गोठ्यात होती. मी तिला म्हणाले, "तू म्हस घेताना तिचं दात बघतीस, आचळं बघतीस, पाणी पाजून बघतीस. वीस वर्षं ज्याला भ्यालीस, त्याला एकदा तरी बघितलंस का?"

"त्यो काय बाजारात उभा हाय व्हय?"

"वर उभा हाय. मी दाखवते. बघ, आणि मग काय ते ठरव."

आईनं शेणाचे हात बादलीत बुडवले. "दाव," म्हणाली. "पर बघितल्यावर मी म्हणंल तसं."

आता कुणी म्हणेल, दुर्बिणीनं पत्रिका थोडीच खोटी ठरते? मलाही ते कळतं. पण मला आईही कळते. तिनं डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीला ती भीत नाही. नाग बघितलाय, बिबट्या बघितलाय, दोघांनाही काठी आपटून हाकललंय. न बघितलेल्याला भिते.

माझी दुर्बीण म्हणजे माझ्या छातीएवढी उंच नळी, लाकडी बैठकीवर हातानं फिरवायची. तळाला सहा इंची आरसा. आरसा प्रकाश गोळा करतो, पण चित्र किती मोठं दिसणार हे ठरवतो तो डोळ्यापाशी बसणारा बोटभर तुकडा, आयपीस. तो काढून दुसरा बसवता येतो. त्याच्यावर मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितकी पट जास्त. माझ्याकडं पंचवीसचा होता, त्यातनं अठ्ठेचाळीस पट. आणि चारचा होता, त्यातनं तीनशे. शिवाय दुप्पट करणारी एक नळी होती, ती मधे घातली की सहाशे. भिंगं पुसण्यात माझी उमर गेली, तरी मी सहाशेच लावले. का? चुलत्यांना सांगून बसले होते ना.

जानेवारीचे दिवस. मंगळ दिवेलागणीला पूर्वेला वर येत होता. मी दुर्बीण स्लॅबवर चढवली, कारण आमच्याकडं नवी वस्तू स्लॅबवरच ठेवायची, चार घरांना दिसली पाहिजे. आणि आमच्या पूर्वेला काय, तर चुलत्यांचं गुऱ्हाळ. हंगाम भरात, रस आटवायचं चुलवाण दिवसभर धडधडतंय, धुराडं तापून लाल. मंगळ बरोबर त्याच्या डोक्यावर.

आई गुडघे धरत जिना चढली. मंगळ खाली असल्यानं नळी आडवी आणि आयपीसही खाली, म्हणून तिला कमरेत वाकावं लागलं. त्या चारच्या आयपीसाचं भोक तिळाएवढं. डोळा पार टेकवल्याशिवाय काही दिसत नाही, पापणीचे केस काचेला लागतात. तिला चष्मा काढायला लावला. तोवर पृथ्वी फिरली तसा मंगळ नळीतनं सरकून गेला. परत धरला, परत सरकला. चौथ्या खेपेला तिला सापडला.

"अगं आई गं," ती एकदम मागं झाली.

मी डोळा लावला. तांबडा गोळा उकळत होता. खरंच उकळत होता, काहिलीत रस चढतो तसा. कडा फुटत होत्या, मधेच लांब व्हायचा, मधेच त्याचे दोन व्हायचे. चुलत्यांनीही बघितलं आणि ते पहिल्यांदाच हसले नाहीत.

"खवळलाय गं त्यो," आई म्हणाली. तिनं हात जोडले. "बघितला मी. आता मडक्याचं नक्की."

भाची तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, ते मी विसरणार नाही. मग खाली निघून गेली.

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. हरणं मला नवं नाही, पण माझ्याच हातानं, माझ्याच विषयात? मी वही घेऊन बसले. सहा इंची आरशाला तीनशेच्या वर पट लावणं म्हणजे वाटीभर डाळीत गावाची आमटी. प्रकाश तेवढाच, तो ताणला की नुसतं पाणी. तीनशेही आपल्या हवेत क्वचित चालतात. वर गुऱ्हाळाची तापली हवा, खाली दिवसभर तापलेला स्लॅब. सहाशे पट मंगळ मोठा होतो, तशी हवेची उकळीही सहाशे पट मोठी होते. आणि आईचा चष्मा! मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला नुसता नंबर नाही, तिरका नंबरही आहे. साधा नंबर असेल तर आयपीस पुढं-मागं करून भरून काढता येतो. तिरका निघत नाही. तिला चष्मा काढायला लावला तिथंच मी निम्मा मंगळ फाडला होता.

म्हणजे मला आयपीस शोधायचा होता तो पावर बघून नव्हे, तर आई बघून.

सांगलीत आकाश बघणाऱ्यांचा एक गट आहे. शनिवारी संध्याकाळी मैदानात दुर्बिणी मांडतात. बहुतेक निवृत्त साहेब लोक. त्यांच्यात एक गृहस्थ, ज्यांच्याकडं आयपीसांची पेटीच आहे, मखमली कप्प्यांची. मी त्यांना म्हणाले, मला ग्रहांसाठी जास्त पटीचा आयपीस घ्यायचाय, तुमचे लावून बघू का?

"गावाकडं दाखवायचंय ना?" त्यांनी मला कॉलेजात बघितलं होतं, मी तिथं कोण आहे हे त्यांना माहीत होतं. "मग मॅडम, पंचवीसचा पुष्कळ झाला. खेड्यातल्या माणसाला चंद्रावरचे खड्डे दिसले की तो खूश."

"सर," मी म्हणाले, "खड्डे बघायला चंद्र कशाला? आमच्या घराकडचा रस्ता आहे की."

बाकीचे हसले. तेही हसले, आणि पेटी माझ्यापुढं सरकवली. त्यांची दुर्बीण माझ्याच मापाची, फक्त बैठक भक्कम. माणूस वाईट नव्हता. सवय वाईट होती.

मी पिशवीतनं आईचा जुना चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

"हे काय?"

"आईचा आहे. तिच्यासाठीच घ्यायचाय."

"अहो, चष्मा काढून बघायचं असतं. मी बघा, काढतो."

"तुम्ही काढा. माझी आई काढणार नाही."

अर्धा चंद्र वर होता. उजेड-अंधाराच्या रेघेवर डोंगरांच्या सावल्या पडल्या होत्या. आधी चारचा लावला. चष्म्यातनं किल्लीच्या भोकातनं घर बघावं तसं दिसलं, कडा कुठंच नाही. शिवाय एका खड्ड्यावर नजर ठेवून आकडे मोजले. चाळीस म्हणेपर्यंत तो या टोकाहून त्या टोकाला निघून गेला. चाळिसात आई खुर्चीतनं उठतसुद्धा नाही. मग नऊचा. आरामात दिसलं, पण चंद्रापुरतं ठीक, मंगळाचा वाटाणाच राहिला असता. मग एक पाचचा जाडजूड, पाव किलोचं वजनच म्हणा. चित्र सुरेख, पण तो बसवल्यावर माझी दुर्बीण नाकावर आपटली असती. शेवटी एक सहाचा. त्याची वरची काच रुपयाच्या नाण्याएवढी. डोळा बोटभर लांब ठेवला तरी सगळं वर्तुळ कडेसकट दिसलं, आईचा चष्मा नाकावर असताना. पट दोनशे. सावल्यांच्या कडा जागच्या जागी, मधूनच थोड्या लवायच्या, परत शांत व्हायच्या. आकडे मोजले, ऐंशी भरले.

"हा," मी म्हणाले.

"थोडं थांबलात तर चारचाच चांगला मिळेल. कधी हवा एकदम शांत असली की तीनशे पटीत जे दिसतं ना..."

"मला 'कधीतरी' नकोय सर, होळीच्या आधी पाहिजे."

तसाच सहाचा मी मागवला. आला त्या दिवशी प्रयोगशाळेत खोललासुद्धा नव्हता, तोवर तिथल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "काय विशेष?" म्हटलं, मडकं फोडायला आणलंय. त्यांना कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

आता दिवस ठरवायचा होता. गुऱ्हाळ बंद पाहिजे. आणि आमच्याकडं गुऱ्हाळ महिन्यातनं एकच दिवस बंद असतं, अवसेला. त्या दिवशी चुलवाण पेटवत नाहीत, माणसं सुट्टीवर असतात. होळीच्या आधीची शेवटची अवस पंधरा दिवस आधी येत होती. मी फोनवर तो दिवस सांगितला तर आई कडाडली.

"अवसेला? येडी का खुळी? अवसेला कुणी चांगलं काम करतं का?"

"चांगलं काम कुठं करायचंय? तुझ्या शत्रूला बघायचंय. अवसेलाच बघावं."

"लय शिकलीस गं तू."

"तूच शिकवलंस. फीचं पैसे कुणी दिलं हुतं, मंगळानं?"

पलीकडनं फोन ठेवला गेला. पण अवसेच्या दिवशी मी पोचले तेव्हा अंगण सारवलेलं होतं.

या वेळी स्लॅबवर चढले नाही. घरामागं कडवळाच्या, म्हणजे वैरणीच्या ज्वारीच्या, तुकड्याशेजारी मऊ मातीवर दुर्बीण मांडली, तासभर आधी, म्हणजे आरसा गार व्हावा. चुलते येऊन बघून गेले. "खाली गं का? कुणाला दिसायची न्हाई."

"जिला दिसायला पाहिजे तिला दिसंल, तात्या."

"आणि आज किती पावर?"

"दोनशे."

"चारशे कुठं इकली?"

मी खुर्ची आणायला आत गेले.

एव्हाना मंगळ दिवेलागणीलाच डोक्यावर येत होता. त्यामुळं नळी उभी आणि आयपीस खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर. खुर्चीवर दोन वाकळा घडी करून टाकल्या, उंची बरोबर झाली. आई आली, बसली आणि सवयीनं चष्म्याला हात घातला.

"असू दे," मी म्हणाले. "काढायचा न्हाई. टेकू नकोस. नुसतं समोर बघ."

भाची माझ्या शेजारी उभी होती.

आई बघत राहिली. मी मनात मोजत होते. साठ, सत्तर. सरकला असणार म्हणून पुढं झाले, तर आईनंच नळीला अलगद बोट लावून मागं घेतलं होतं. गाईच्या कासेला हात लावतात तसं.

"हालत न्हाई की गं," ती म्हणाली.

"न्हाई."

"चांदाएवढा हाय. तांबूस. मधी काळपट काय तरी." थोडं थांबून, "कडंला पांढरं काय हाय? टिकली लावल्यागत?"

"बर्फ. तिथं थंडीत साठतो त्यो."

"म्हंजी गार हाय व्हय त्यो?"

"महाबळेश्वर त्याच्यापुढं चूल हाय म्हण."

"मग त्या दिशी उकळत हुता त्यो?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर द्यायला जीभ जड झाली, पण दिलं. "त्यो उकळत नव्हता. तात्यांचं चुलवाण उकळत हुतं आणि मी त्याच्यावरनं दाखवलं. आयपीस बी चुकीचा लावला, फुशारकीनं. माझी चूक हुती, आई. त्याची न्हाई."

आईनं दुर्बिणीवरनं डोळा काढला नाही. मग तिनं विचारलं, माझ्याकडं न बघता, "मग थोरलीचा नवरा कशानं गेला?"

मला उत्तर येत होतं, पण ते मी देणं बरं नव्हतं. भाची बोलली, हळू आवाजात. "आजी, तूच सांगतीस की. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता."

आईनं दुर्बिणीवरनं डोळा काढला.

"दिवा न्हवता," ती म्हणाली. "ट्रॉलीवाल्याला धरलं न्हाई कुणी. आमी मंगळालाच धरलं." मग पदरानं चष्मा पुसला, परत लावला आणि परत बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भावाला लोणंदला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलली. माझी आई फोनवर गावभर ऐकू जाईल असं बोलते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. "आमची पोर मडक्याला हार घालणार न्हाई. व्हय, मीच बोलते. मी बघितलाय त्याला. गार हाय, आपल्या जागी हाय. तुमचा इश्वास नसंल तर यावा आणि बघून जावा. आणि तरी न्हाई पटलं तर पोरगी आमच्या घरात जड न्हाई, तिची आत्या बी न्हवती."

हे शेवटचं वाक्य ऐकायला मला वीस वर्षं लागली.

आठ दिवस लोणंदहून फोन आला नाही. भाची सांगलीला परीक्षेचा अभ्यास करत होती, म्हणजे पुस्तक उघडून बसत होती. नवव्या दिवशी मुलाचे वडील आले, एकटे, संध्याकाळच्या गाडीनं. रागानं आले का कुतूहलानं, हे त्यांच्या तोंडावरनं कळेना. आईनं चहा दिला तोवर मी दुर्बीण मांडली, मग तिनं त्यांना मागं नेलं. गुऱ्हाळ चालू होतं, पण मंगळ आता डोक्यावरनं पलीकडं कलला होता, धुराड्याचा त्याला उपद्रव नव्हता.

ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून खिशात ठेवायला लागले.

"चष्मा असू द्या," आई म्हणाली. "ह्यो चष्म्यावाल्यांसाठीच घेतलाय. लेकीनं माझ्या."

त्यांनी चष्मा परत लावला. पुष्कळ वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, "आणि मडक्याचं काय, विहीणबाई?"

"हाय की," आई म्हणाली. "पाणी पिता का?"

लग्न उन्हाळ्यात झालं. आईचे मंगळवार मात्र चालू आहेत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "उपास माझा हाय, त्याचा न्हाई," आणि भगरीचं ताट घेऊन बसली. मी गप्प राहिले. माझ्या हट्टाला या घरात मान मिळाला, मग तिच्या हट्टालाही मिळायला पाहिजे.